गोळ्या आईच्या, पिशवी मेडिकलमध्ये: ठरवून दिलेली औषधं ठरल्याप्रमाणे घेण्यासाठी

दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियामुळे आईला आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर आठ औषधं लिहून दिली. बीपी, शुगर आणि थायरॉइडच्या जुन्या गोळ्या घरात होत्याच. मी दोन्हींचा हिशेब जुळवला आणि मोठ्या भक्तिभावाने सगळं देत राहिले. पाचव्या दिवशी आई मोरीपाशी चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही, पण रात्रभर मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ताकदीचं औषध मागायला गेले. तिथल्या फार्मासिस्ट मॅडमनी ते दिलं नाही. "ताई, घरात जेवढ्या पट्ट्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा," म्हणाल्या. मी पिशवी काउंटरवर रिकामी केली. त्यांनी पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरं वाचली आणि दोन पट्ट्या बाजूला काढल्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंगही वेगळे, पण दोन्हींत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमच. बीपीची एकच गोळी आई सकाळी एका नावाने आणि रात्री दुसऱ्या नावाने घेत होती. मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, एक गोळी बंद झाली, आणि चार दिवसांत चक्कर थांबली.

आईवडिलांच्या गोळ्यांची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्यांसाठी, आणि स्वतःची बीपी-शुगरची पहिली चिठ्ठी हातात पडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. गोळ्या नीट घेतल्या जात नाहीत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. दीर्घ आजारांमध्ये श्रीमंत देशांतलेसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवलं आहे. विसरणं हे त्याचं एक कारण झालं. न समजणं, न परवडणं आणि त्रास होऊनही कुणाला न सांगणं ही कारणं तितकीच मोठी आहेत, आणि या तिन्हींवर जवळचं मेडिकल मदत करू शकतं.

आधी एवढं जमवा

- शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि चालू असलेल्या सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या
- घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, थेंब, मलम; आयुर्वेदिक काढे, कॅल्शियम आणि गुडघेदुखीची गोळीसुद्धा
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची नोंद
- एक शंभर पानी वही, एक मार्कर पेन आणि आठवड्याच्या खणांची गोळ्यांची डबी

१. एकच मेडिकल धरा

हृदयाचे डॉक्टर एकीकडे, हाडांचे दुसरीकडे, आणि प्रत्येकाच्या दवाखान्याखाली एक मेडिकल. आपण जिथे चिठ्ठी मिळते तिथूनच औषध घेतो. मग पूर्ण यादी कुणाच्याच नजरेखालून जात नाही. आमची चूक नेमकी इथेच झाली होती. कोणत्याही डॉक्टरांकडे जा, औषधं मात्र एका ठिकाणाहून घ्या आणि बिल रुग्णाच्याच नावाने करा. बऱ्याच दुकानांच्या संगणकात मागची बिलं निघतात, तीच पुढे यादी म्हणून कामी येतात.

दुकान निवडताना सवलत किती टक्के हे शेवटी बघा. फार्मासिस्ट प्रत्यक्ष काउंटरवर असतो का, हे आधी बघा. फार्मसी कायदा, १९४८ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार तर रुग्णाला औषध समजावून सांगणं हे त्याच्या कामातच येतं. दुकानात परवाना दर्शनी भागात लावलेला असतो. "फार्मासिस्ट किती वाजता असतात?" असं सरळ विचारा, कुणाला राग येत नाही. संध्याकाळी सात ते नऊ काउंटरवर झुंबड असते, तेव्हा कुणीच नीट बोलू शकत नाही. दुपारी साडेतीन-चारची वेळ उत्तम.

इथला सापळा: फार्मासिस्ट ओळखीचा झाला की "दोन दिवसांच्या काहीतरी गोळ्या द्या" म्हणायची सवय लागते. ते त्यांचं काम नाही. ज्या पट्टीवर लाल उभी रेघ असते ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. चांगला फार्मासिस्ट अशा वेळी नकार देतो, आणि तो नकार देणाराच आपल्याला हवा आहे.

२. पिशवी रिकामी करा

पहिल्या भेटीत आमच्यासारखी सगळी पिशवी न्या. नुसती यादी नेऊ नका, कारण यादीत आपल्याला आठवतं तेवढंच उतरतं. फार्मासिस्टला तीन गोष्टी तपासायला सांगा. एकच औषध दोन नावांनी चालू आहे का? एकमेकांशी न पटणारी औषधं आहेत का? आणि डॉक्टरांनी बंद केलेलं काही घरात उरलंय का?

पट्टीवर दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं, दुसरं औषधाचं मूळ नाव. वहीत मूळ नाव लिहा. मूळ नावाशेजारचा आकडा आणि व्यापारी नावामागचं शेपूटही लिहा, कारण खरा घोळ तिथे होतो. टेल्मा ४०, टेल्मा एएम आणि टेल्मा एच ही एकाच घरातली नावं, पण एएममध्ये बीपीचं दुसरं औषध जोडलेलं आहे आणि एचमध्ये लघवी वाढवणारं. "टेल्मा द्या" एवढंच म्हणालात तर काय हातात पडेल सांगता येत नाही.

गुडघेदुखीच्या गोळ्या लोक औषधात मोजतच नाहीत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज पोटात गेल्या तर बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि बीपीच्या औषधाचा परिणाम कमी होतो. आई त्या शेजारच्या काकूंकडून घेत होती, हे मला काउंटरवरच कळलं.

३. चिठ्ठी तिथेच वाचून घ्या

चिठ्ठीवरच्या खुणा एकदा शिकून घेतल्या की निम्मी भीती जाते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. १-०-१ असं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांबाबत मात्र दोनदा विचारा. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असते, ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची कॅप्सूलही साधारणपणे आठवड्याला एक. अशा पट्टीवर मी मार्करने मोठ्या अक्षरांत "फक्त रविवार" लिहिते, आणि रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती ठेवतच नाही.

चिठ्ठीतलं औषध शिल्लक नसेल तर "तेच आहे, कंपनी वेगळी" असं म्हणून दुसरं दिलं जातं. लिहून दिलेल्या औषधाऐवजी दुसरं उत्पादन परस्पर देता येत नाही. डॉक्टरांना फोन करून विचारू द्या, नाहीतर एक दिवस थांबा. बदल झालाच तर जुन्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या त्याच दिवशी घरातून हलवा. आमच्याकडे दोन नावं एकत्र नांदली ती अशीच.

पट्टी कापून घेत असाल तर मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक असलेला तुकडा तुमच्याकडे येईल असं बघा. निदान पट्टीचा फोटो काढून ठेवा. बिल मागाच, त्यावर दोन्ही छापलेलं असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० जास्त खपाच्या ब्रँडवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं आहे. फोनने तो वाचला की औषधाचं मूळ नाव, बॅच आणि मुदत दिसते. बारीक अक्षरं न दिसणाऱ्यांना ही मोठी सोय आहे.

४. वेळापत्रक घड्याळावर नको, घरच्या दिवसावर बसवा

सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. "सकाळी ८, दुपारी २, रात्री ९" असं मी भिंतीवर चिकटवलं होतं, आणि ते तीन दिवसांत कोलमडलं. आईचा दिवस पहिला चहा, देवपूजा, जेवण आणि रात्रीच्या बातम्या यांवर चालतो. मॅडमनी विचारलं, "आई उठल्यापासून काय काय करतात ते सांगा." मग त्यांनी प्रत्येक गोळी त्या दिवसात कुठेतरी अडकवून दिली.

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं चहाबरोबर जात होती आणि लगेच मागून कॅल्शियम. चहा-दूध आणि कॅल्शियम-लोह ही गोळी अंगी लागू देत नाहीत. रिपोर्ट सुधारत नव्हता म्हणून डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला होता, कारण आई गोळी कशी घेते हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. आता थायरॉइडची बाटली आईच्या उशाशी असते आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे मध्ये चार तासांहून जास्त अंतर पडतं.

पित्ताची पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी. शुगरची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच, म्हणजे पोट बिघडत नाही. नावामागे एसआर, ईआर किंवा एक्सएल असलेली गोळी सावकाश विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ती कुटून, चावून द्यायची नाही. गिळायला त्रास होत असेल तर फार्मासिस्टला सांगा, त्याच औषधाचं पातळ किंवा लहान गोळीचं रूप मिळतं का ते बघून ते डॉक्टरांशी बोलतात.

आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. म्हणून मॅडम खाकी पाकिटांवर चित्रं काढून देतात: उगवता सूर्य, ताट, चंद्र. उपाशीपोटी घ्यायच्या गोळीला रिकामं ताट. तुमच्या मेडिकलमध्ये अशी पद्धत नसेल तर विनंती करा, पाच मिनिटांचं काम आहे.

डबी भरायला रविवारची सकाळ ठरवा. पण सगळ्याच गोळ्या पट्टीतून आधी काढून ठेवण्यासारख्या नसतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत काही गोळ्या ओलावा धरतात. कोणत्या पट्टीतच राहू द्यायच्या, हे डबी दाखवून विचारा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी डबीत नको, ती हाताशी तिच्या मूळ वेष्टनातच हवी.

एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे प्रत्येक औषधापुढे वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळेला दोन घ्यायच्या नाहीत, एवढं बहुतेक सगळ्यांना लागू. बाकी औषधागणिक वेगळं.

५. पंप, पेन आणि कॅप्सूल: करून दाखवायला लावा

दम्याच्या काही कॅप्सूल गिळायच्या नसतात, छोट्या यंत्रात घालून ओढायच्या असतात. दिसतात हुबेहूब गिळायच्या कॅप्सूलसारख्या, आणि लोक त्या पाण्याबरोबर गिळतात. फार्मासिस्टसमोर रुग्णाला स्वतः एकदा ओढून दाखवू द्या. "समजलं ना?" या प्रश्नाला आपली माणसं नेहमी हो म्हणतात. स्टेरॉइडचा पंप असेल तर ओढल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी होते.

इन्सुलिनचं न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला टेकून कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण नेमके दिवस आणि तापमान त्या-त्या प्रकाराच्या माहितीपत्रकावर असतं, ते वाचून घ्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, वीज जात असेल तिथे, पेन घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा माठाच्या गारव्यात ठेवतात. मेडिकलमधून घरी आणतानाही थंड पाऊच मागून घ्या. गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत बसू नका.

६. सगळ्या गोळ्या एकाच दिवशी संपू द्या

कोणती पट्टी दहाची, कोणती पंधराची, तर थायरॉइडची बाटली शंभराची. त्यामुळे दर आठवड्याला काहीतरी संपतं, आणि जे संपतं ते "उद्या आणू" म्हणून चार दिवस राहतं. मेडिकलमध्ये एक तारीख ठरवा. पहिल्या वेळी फार्मासिस्ट कमी-जास्त गोळ्या देऊन सगळ्यांची शेवटची तारीख जुळवून देतात. आम्ही महिन्याची ५ तारीख धरली आहे. २ तारखेला त्यांचा फोन येतो, आणि त्याच फोनवर "काही त्रास नाही ना?" हे विचारणंही होतं.

याचा आणखी एक उपयोग मला नंतर कळला. एखादी पट्टी ५ तारखेला उरली, तर ती घ्यायची राहते आहे हे लगेच उघड होतं. आईची रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी अशीच दर महिन्याला आठ-दहा उरायची. बातम्या बघता बघता तिला डुलकी लागत होती. डॉक्टरांना विचारून ती गोळी सकाळच्या वेळेत नेली, आणि उरणं बंद झालं.

७. पैशांचं मोकळेपणाने बोला

परवडत नाही म्हणून रोजची गोळी एक दिवसाआड घेणारी माणसं मी याच काउंटरवर पाहिली आहेत. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. निदान फार्मासिस्टला सांगा, म्हणजे स्वस्त पर्याय कोणता आहे आणि त्यासाठी डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल.

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रं हा भक्कम पर्याय आहे. जनऔषधी योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिथली किंमत वरच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या जास्तीत जास्त निम्मी ठेवायची, असं धोरण आहे. बीपी-शुगरच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या तिथे मिळतात. जवळचं केंद्र आणि औषधांच्या किमती "जनऔषधी सुगम" ॲपवर दिसतात. जाताना डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मूळ नाव लिहून घ्या. तिथे घेतलेल्या औषधांची नोंद तुमच्या नेहमीच्या मेडिकलच्या यादीतही करून घ्या, नाहीतर एकच औषध दोन नावांनी घरात येण्याचा जुना घोळ पुन्हा सुरू होतो. आपण दुसरीकडून घेतो म्हणून संकोच वाटू देऊ नका. आमच्या मॅडमनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

८. नवीन गोळी सुरू झाली की दहा-बारा दिवसांनी परत जा

इंग्लंडमध्ये यासाठी २०११ पासून सरकारी सेवाच आहे. ठरावीक आजारांवरचं नवीन औषध सुरू झालं की फार्मासिस्ट एक-दोन आठवड्यांत रुग्णाशी बोलतो आणि पुढे पुन्हा चौकशी करतो. आपल्याकडे अशी सेवा नाही, पण आपण आपल्या पायांनी जाऊ शकतो. बहुतेक माणसं याच दिवसांत गोळी परस्पर सोडतात.

बीपीच्या ॲम्लोडिपिनने काहींची पावलं सुजतात. रामिप्रिलसारख्या बीपीच्याच गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि लोक महिनोन्‌महिने खोकल्याचं औषध पितात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर मेडिकलमध्ये न जाता थेट दवाखान्यात जा. कोणता त्रास सोसण्यासारखा आणि कोणत्या त्रासाला त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, हे गोळी हातात घेतानाच विचारा. स्टेंट बसवल्यानंतरच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या तर हृदयाच्या डॉक्टरांच्या शब्दाशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरीही.

औषधाचा वेगळाच त्रास झाला तर तो नोंदवता येतो. भारतीय औषधसंहिता आयोगाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ त्यासाठीच आहे.

९. उपवास, गाव आणि सुट्ट्या

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. आई उपवास सोडणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून वाद घालण्यापेक्षा आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडून उपवासाच्या दिवसाचा वेगळा डोस लिहून घेते. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर शुगर झपाट्याने खाली येते. दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा उपवास बाजूला ठेवून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन करायचा. रोजे ठेवणाऱ्यांनाही हेच लागू.

गणपतीत किंवा मे महिन्यात गावी जाताना गोळ्या मोजून चार दिवसांच्या जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, एसटीच्या टपावर किंवा डिकीतल्या बॅगेत नाही. चिठ्ठीची झेरॉक्स आणि वहीतल्या यादीचा फोटो सोबत असू द्या. गावाकडच्या मेडिकलमध्ये तुमचा ब्रँड मिळेलच असं नाही, पण मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेलं असलं की तिथल्या फार्मासिस्टला डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते कळतं. दिवाळीत मेडिकल कोणत्या दिवशी बंद राहणार हे वसुबारसेलाच विचारून ठेवा, आणि ५ तारखेच्या गोळ्या त्या महिन्यात आधीच घरी आणा.